चौथ्या चौकटीची रेघ

रेखा,

तुझी तेरवी काल आटोपली. पंगतीला भाजी पुरली, वरण उरलं, मंडपवाला वेळेवर येऊन कापड सोडून घेऊन गेला. माझ्या वहीत तुझ्या नावाच्या पानावर एकोणतीस कामं होती. अठ्ठावीस कामांवर काट मारून झाली आहे. एक राहिलं आहे आणि ते माझ्याच्यानं होत नाही, म्हणून आज ऑफिसला रजा टाकली, तुझ्या खोलीत येऊन बसले आणि तुझ्यावर चिडते आहे.

राहिलेलं काम असं: तक्ता कॉलेजात पोचवणे.

तक्ता भिंतीवरून काढायचा, गुंडाळायचा, एसटीनं कारंजाला न्यायचा आणि तुझ्या जीवशास्त्राच्या वर्गात टांगायचा. अर्ध्या दिवसाचं काम. पण तक्त्यावरची चौथी चौकट रिकामी आहे आणि त्या चौकटीपर्यंत मी ओढलेली एक रेघ आहे, जी तुला नको होती. दोन्हींचा निकाल न लावता तू निघून गेलीस. कामं अर्धवट टाकणाऱ्या माणसांचा मला किती राग येतो, हे तुला बावीस वर्षं माहीत होतं.

बावीस वर्षांपूर्वी मी या घरात नवी सून म्हणून आले तेव्हा तू बीएस्सीला होतीस. मी चौथ्या दिवशी चुलीमागं बसून रडत होते आणि तू येऊन विचारलंस, "काय झालं व वयनी?" मी म्हटलं, काही नाही, हे घर माझं वाटत नाही. तू स्वयंपाकघरावरून नजर फिरवलीस. एका डब्यात तीळ, त्याच डब्यात सुतळी, मिठाच्या बरणीत सुईदोरा. तू म्हणालीस, "आवर मंग. आवरलं की आपलं होते." मी त्या दिवशी आवरायला घेतलं, ते आजपर्यंत थांबले नाही. माझी पहिली यादी तूच करायला लावलीस आणि पुढं जन्मभर माझ्या याद्यांना तूच हसलीस. "वयनी, श्वास घेणे हे लेयलं का यादीत? नाईतर इसरशील."

हे आठवून डोळे भरतात आणि लगेच राग येतो. कारण मला तक्त्याचं लिहायचं आहे.

सुरुवात खडूनं झाली. फळ्यावर लिहिताना तुझ्या हातून खडू पडायला लागला. तू म्हणालीस, या वर्षीचे खडूच निसरडे आहेत. मग वरणाचा चमचा पडला. मग साडीच्या निऱ्या. मी तपासण्यांची फाईल केली, तारखांप्रमाणे लावली, आणि आपण तिघं नागपूरला गेलो. डॉक्टरांनी सांगितलं की स्नायूंना हुकूम पोचवणाऱ्या चेतापेशी एकेक करून मरताहेत, बुद्धी मात्र शाबूत राहील. परतताना गाडीत तूच तुझ्या दादाला समजावलंस, जसं काही त्याच्या विहिरीवरच्या पंपाचं चाललं होतं. "दादा, मोटर चांगली हाये. मीटरबी चांगलं हाये. मधातली वायर जळून राह्यली." त्यानं विचारलं, "मंग वायर बदलता येत नाई?" तू म्हणालीस, "थेच तर नाई येत ना बाप्पा."

घरी आल्यावर मी विचारलं की आता काय करायचं. तू म्हणालीस, "तक्ता करू."

मला वाटलं तुझं डोकंही गेलं. पण तुझं ठरलं होतं. मेंदूच्या पेशी कशा घडतात हा धडा तुझी पोरं दरवर्षी पाठ करत आणि दरवर्षी विसरत. अर्धी पोरं आसपासच्या तांड्यांवरची. आईबाप ऊसतोडीला गेले की घर सांभाळून, एसटी धरून येणारी. "पुस्तकातला शब्द त्यायच्या घरात नाई येत," तू म्हणायचीस, "दारातच बसते चपलीपाशी." तुला घरात येणारे शब्द पाहिजे होते. लिहायला तुझा हात चालत नव्हता, म्हणून माझा घेतलास. मी कार्डशीट आणलं, पट्टी आणली, मार्कर आणले.

पहिला शब्द सापडायला वेळ लागला नाही. पुस्तकात मूळपेशी लिहिलं होतं. तू म्हणालीस, "कापून टाक. लेय, बेणं."

हळद पिकवणाऱ्या घरात बेणं कोणाला समजावं लागत नाही. काढणी झाली की चांगले जेठे, म्हणजे मधले जाड गड्डे बाजूला काढायचे, हळदीच्याच पाल्याखाली झाकून सावलीत ठेवायचे, पुढच्या लागवडीला. बाकीची हळद शिजते, वाळते, बाजारात जाते. तू सांगितलंस, गर्भातही तसंच चालतं. मेंदू म्हणजे अजून नुसती एक नळी असते, आणि तिच्या आतल्या भिंतीला या बेण्याच्या पेशी रांगेनं बसलेल्या असतात. आधी एकीच्या दोन होतात, दोन्ही बेणंच. पुरेसं बेणं झालं की मग एकीच्या दोन होताना एक बेणं राहते आणि दुसरी कामाला निघते. कामाला निघालेली चेतापेशी होते. बेण्याच्या पेशीला एक लांबलचक धागा असतो, आतल्या भिंतीपासून बाहेरच्या कडेपर्यंत गेलेला. नवी चेतापेशी तो धागा धरून वर चढते आणि आपल्या जागेवर जाऊन बसते. "मायचा पदर धरून जिना चढते पोरगी," तू म्हणालीस. मी लिहून घेतलं. माझे डोळे भरले होते, तू पाहिलंस आणि म्हणालीस, "शाई पसरंन, तिकडं पाह्य."

मग मी तो प्रश्न विचारला ज्याचं तू वर्षभर कौतुक केलंस. बेण्यातून आधी चेतापेशी होतात आणि बहुतेक मदतनीस, म्हणजे ग्लायल पेशी, मागून होतात, असं तू सांगितलंस. मी म्हटलं, हे काय नियोजन झालं? पाहुणे आधी आणि स्वयंपाकीण मागून? तू इतकी हसलीस की तुला ठसका लागला. "बाई वं! पंधरा वर्सं शिकवून राह्यली मी, एका पोरानं नाई इचारलं हे." उत्तर तू नंतर दिलंस. सुरुवातीला आधार द्यायचं काम बेण्याची पेशी स्वतःच करते, तो पदर धरून. चेतापेशी वर चढून बसल्या की तेच बेणं चेतापेशी करायचं थांबवतं आणि ग्लायल पेशी करायला घेतं. त्यातल्या काही तर बाळ जन्मल्यानंतरही होत राहतात.

अशा तीन चौकटी झाल्या. चेतापेशीला तू नाव दिलंस निरोपी. चांदणीसारख्या दिसणाऱ्या, चेतापेशींना खाऊपिऊ घालणाऱ्या पेशीला सैपाकीण. आणि चेतापेशीच्या लांब वायरीला गुंडाळून बसणारीला टेपवाली, कारण दादा पंपाच्या वायरीला काळी टेप मारतो ते तुला आवडायचं. बेण्यापासून तिन्हींकडे मी पट्टी धरून निळ्या रेघा ओढल्या. चौथी चौकट उरली होती, मेंदूतली साफसफाई करणाऱ्या पेशीची. तीही ग्लायलच. मी पट्टी धरली आणि चौथी रेघ ओढली.

"खोड," तू म्हणालीस.

"काहून?"

"हे बेण्याची नाई."

"ग्लायल आहे ना?"

"नाव एक हाये वयनी, माहेर येगळं हाये. हे बाहेरून येते. रक्ताच्या पेशी जिथून निघतात, तिकडून. मेंदू अजून पुरता झालाबी नसते, तवाच येऊन बसते. मंग तिथंच राह्यते. कचरा उचलते, मोडकंतोडकं साफ करते, काही बिघडलं त पयले हेच धावते."

मी म्हटलं, हा पक्का मार्कर आहे, खोडला जात नाही. आणि तीन चौकटी जोडलेल्या, एक लोंबकळलेली, असा तक्ता चांगला दिसतो का? अर्धवट वाटतो. तू म्हणालीस, दिसो. मी म्हटलं, मग एवढ्या एका रेघेसाठी आख्खा तक्ता पुन्हा करू? तू म्हणालीस, "पांढरी शाई लाव." मी म्हटलं, डाग दिसेल. रेखा, आपण एका रेघेवरून किती महिने भांडलो ते मी मोजलं नाही. माझ्यासारख्या बाईनं मोजलं नाही म्हणजे बघ.

आणि नावावरून वेगळं. मी तुला किती शब्द दिले. सफाईवाली. राखणदारीण. झाडूवाली. प्रत्येकाला तू नाक मुरडलंस. "झाडूवाली म्हणजे काम सांगितलं. थे कोण हाये, हे कुठं सांगितलं?" मग तूच सांग ना, मी म्हणायची. "सापडंन," तू म्हणायचीस.

याच महिन्यांत एक पत्रक आलं. लांबच्या एका शहरातला दवाखाना, मूळपेशींचं इंजेक्शन, लुळे झालेले पुन्हा चालायला लागले, असे फोटो. मी त्याच दिवशी कामाला लागले. गाडीची वेळ, बरोबर कोण येणार, राहायचं कुठं, रिपोर्टांच्या प्रती, सगळं एका फाईलमध्ये. फाईल तुझ्या मांडीवर ठेवली. तू वाचलीस. मग म्हणालीस, नाही.

मला ते नाही आजही पचलेलं नाही. तू स्वतः सांगत होतीस की या पेशीपासून चेतापेशी होते. तुझ्या चेतापेशी मरत होत्या. मग दोन आणि दोन चार का करायचे नाहीत? तू म्हणालीस, "बेणं कुठंबी फेकलं त उगवते काय? माती लागते, ओल लागते, येळ लागते. गर्भात कोणती पेशी कवा काय होईन याची सारी तजवीज असते. माह्या पाठीच्या कण्यात थे तजवीज आता नाई. समज, उगवलंबी. कण्यापासून अंगठ्यापर्यंत वायर कोण ओढणार हाये, तू?" मी म्हटलं, प्रयत्न तर करू. तू म्हणालीस, "याच्यावर खरं संशोधन चालू हाये, लोकं मरमर काम करून राह्यले. हे पत्रक म्हणजे संशोधन नाई, दुकान हाये." मी म्हटलं, तुला जगायचंच नाही. हे मी बोलले. ते मागं घ्यायचं राहिलं, यादीतही कधी लिहिलं नाही, आणि आता लिहून उपयोग नाही.

त्यानंतर हळदीचं झालं.

मागच्या वर्षीची काढणी. तुला अन्न द्यायला पोटात नळी बसवायची होती, म्हणून मी तुला घेऊन दोन दिवस अकोल्याला होते. निघताना दारावर तुझ्या दादासाठी अकरा कामांची यादी चिकटवली आणि बजावलं, यादीत आहे तेवढंच करा, स्वतःचं डोकं चालवू नका. आयुष्यात पहिल्यांदा त्या माणसानं माझं शब्दशः ऐकलं. यादीत लिहिलं होतं, हळद शिजवून घेणे. बेणं बाजूला काढणे, हे लिहिलं नव्हतं, कारण ते लिहायची गोष्टच नाही. ते लहान लेकरालाही कळतं. आम्ही परतलो तेव्हा अंगणभर शिजलेली हळद पसरली होती आणि कडुनिंबाखाली बेण्याचा ढीग नव्हता.

"बेणं कुठं आहे?"

"यादीत नव्हतं," तुझा दादा म्हणाला.

"अहो, पण बेणं!"

"मले वाटलं तू या वर्षी दुसरं आणणार असशीन. तूच म्हणली ना, डोकं चालवू नका."

तेव्हा तुझ्या चाकाच्या खुर्चीतून एक विचित्र आवाज आला. मला वाटलं तुला श्वास लागला. तू हसत होतीस. तेव्हा तुझे शब्द फार जड येत, एकेक शब्द ओढून काढावा लागे. अंगणातल्या हळदीकडे पाहत तू बोललीस आणि एवढं एक वाक्य पुरं व्हायला चहा गार होईल इतका वेळ लागला. "वयनी. आता. दे. याले. इंजेक्शन."

तुझा दादाही हसला. मी नाही हसले. मी घरात निघून गेले आणि दोन दिवस तुझ्याशी कामापुरतं बोलले. शिजलेल्या हळदीला कोंब फुटत नाही, हे मला तू सांगायची गरज नव्हती. बेणं शेजारच्या गावातून आणलं, लागवड झाली. फाईल कपाटात गेली. पण तुझं बरोबर होतं असं मी कधी म्हटलं नाही, आणि आजही पूर्ण म्हणत नाही. एक बाजू अजून म्हणते, जाऊन पाहायला काय हरकत होती. तू असतीस तर मी हे तुला तोंडावर सांगितलं असतं आणि तू पुन्हा हसली असतीस. तो वाद असा एकटीनं घालण्यात काही अर्थ नाही.

मग तुझा आवाज गेला. मी वर्णमालेचा फलक केला, लॅमिनेशन करून आणला. मी ओळीवरून बोट फिरवायची, पाहिजे ते अक्षर आलं की तू डोळे मिटून धरायचीस. नाही म्हणायचं असलं की दोनदा मिचकवायचीस. फलकावर तू सांगितलेलं पहिलं वाक्य होतं, 'ङ कायले ठेवला'. वऱ्हाडात आजवर कोणाला ङ लागला आहे, असं तुझं म्हणणं. मी त्यावर कागद चिकटवला. फलकाच्या मागच्या बाजूला मी चौदा गरजांची यादी लिहिली होती, म्हणजे अक्षरं जुळवायचा तुझा त्रास वाचेल. एक, पाणी. दोन, कूस बदल. तीन, कफ काढ. अशी चौदापर्यंत. यादीनं काम भराभर व्हायचं. यादीचा मला अभिमान होता. त्याबद्दल मला स्वतःचा किती राग येतो ते सांगते.

शेवटच्या दिवशीची दुपार. तू फलकाकडे पाहिलंस. मी बोट फिरवलं. तू 'व'वर डोळे मिटलेस. पुन्हा फिरवलं. 'य'. पुढचं अक्षर मी घेतलंच नाही. मला काय ते कळलं होतं. "मी इथंच हाये, बोल," मी म्हटलं आणि फलक उलटा केला. पाणी? दोनदा मिचकवलेस. कूस? नाही. कफ? नाही. मी चौदाही गरजा विचारल्या, चौदाही नाही. मग तू डोळे समोरच्या भिंतीकडे नेलेस आणि तिथंच ठेवलेस. समोरच्या भिंतीवर विजेची बटणं आहेत. मी म्हटलं, "गरम होते? मग यादीत अकरा नंबर होता ना, पंखा! तेव्हा नाही काहून म्हटलं?" आणि उठून पंखा पाचवर केला. तू माझ्याकडे पाहिलंस. मग डोळे मिटलेस, एकदाच. मी त्याला होय समजले.

सकाळी तू नव्हतीस.

रेखा, बटणांच्या शेजारीच तक्ता टांगलेला होता. माझ्या हातानं टांगलेला, माझ्या हातानं चारी कोपरे चिकटवलेला. हे मला काल कळलं. तेरवीची माणसं गेल्यावर तक्ता काढायला मी भिंतीपाशी आले, एक हात बटणांवर होता, दुसरा चौथ्या चौकटीवर. तेव्हा कळलं.

की मी आता काहीच्या काही जुळवते आहे? तू मला हाक मारत होतीस, बस, हाक, आणि मी तिला चौदा पर्याय दिले. किंवा तू चौथ्या चौकटीचं उत्तर देत होतीस. बाहेरून आली. बेण्याची नाही. मेंदू पुरता झालाही नव्हता, तेव्हाच येऊन बसली. आवरत राहिली. दोन्हीपैकी काय ते तिसरं अक्षर घेतलं असतं तरी कळलं नसतं, तेही मी काल रात्रभर तपासून पाहिलं आहे. हाक असती तरी तीच अक्षरं, उत्तर असतं तरी तीच. पण त्याच्या पुढचा शब्द, त्याच्याही पुढचा शब्द तू सांगितला असतास. माझं बोट फलकावर राहिलं असतं तर. मी आयुष्यभर ऑफिसात आवक-जावक सांभाळली, एक टपाल कधी चुकीच्या टेबलावर जाऊ दिलं नाही, आणि तुझं शेवटचं टपाल मी न वाचता पंखा लावून मोकळी झाले.

तू थोडं थांबायचं होतंस. एक दिवस. मी तुझ्यावर चिडले आहे ती यासाठी.

तुझा दादा आता आत येऊन गेला. या वर्षी बेणं त्यानं काढणीच्या पहिल्याच दिवशी वेगळं केलं, कोणी न सांगता, आणि दोन महिने रोज जाऊन पाला वर करून पाहतो. तक्ता जमिनीवर पसरलेला पाहून म्हणाला, "कारंजाची गाडी साडेअकराची हाये. देऊन ये. नाईतर हे तुह्या वहीतून जाणार नाई." मग वाकून त्यानं विचारलं, "हे पांढरं काय लावलं?"

मी सांगितलं, रेघ खोडली.

दोन हात दिले पांढऱ्या शाईचे. डाग दिसतोच, मी म्हटलं होतं तसा. उजेडात धरलं की खालची निळी रेघही थोडी दिसते. पण चौकट आता कशालाच जोडलेली नाही, एकटी उभी आहे बाकीच्या तिघींच्या मधोमध. आणि वाईट दिसत नाही, हेही लिहून ठेवते.

नाव भरलं आहे. तुझ्या जागी आलेले सर विचारतील हे काय, आणि पोरं हसतील. हसू दे, विसरणार तर नाहीत. माझ्या हाताला सवयीनं 'ह' लिहायचा होता, तो मी लिहिला नाही. तू व नंतर य सांगितला होतास. तसंच ठेवलं आहे.

वयनी